‘आम्ही’ आणि ‘आपण’ : म्हैसूरच्या वृत्तपत्रांच्या निमित्ताने

मराठी भाषेत प्रथमपुरुषाच्या अनेकवचनाला दोन सर्वनामे आहेत, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरलेली असते की तिचे मोल सहसा ध्यानात येत नाही. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘आम्ही आता जेवायला बसणार’ आणि ‘आपण आता जेवायला बसणार’ या दोन वाक्यांत दारात उभ्या असलेल्या पाहुण्याचे सारे भवितव्य सामावलेले असते. इंग्रजीला हा भेद ठाऊक नाही, संस्कृतालाही नाही. भाषाशास्त्रज्ञ तो द्राविड भाषांच्या शेजाराचे देणे मानतात, आणि तमीळ व तेलुगू या भाषांत तो आजही स्वच्छ दिसतो. मौज अशी की ज्या कानडीचा आपणास सर्वांत निकटचा शेजार, तिच्या आजच्या रूपात मात्र तो लोपला असून एकट्या ‘नावु’वर सगळे काम भागते.

हा व्याकरणाचा पाठ येथे देण्याचे कारण असे की, वृत्तपत्राच्या परीक्षणासाठी याहून नेमकी कसोटी शोधूनही सापडणे कठीण. संपादक अग्रलेखात ‘आम्ही’ म्हणून बोलतो. ‘आमचे असे मत आहे’, ‘आम्ही सरकारला बजावू इच्छितो’ ही आपल्या पत्रसृष्टीची फार जुनी रीत होय. परंतु त्या ‘आम्ही’ला जे वजन येते, ते त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या, बहुधा न उच्चारलेल्या ‘आपण’मुळे. एखादे पत्र कोणत्या भाषेत निघते, त्याचा खप किती, त्याचा कल कोणत्या पक्षाकडे, हे प्रश्न नेहमी विचारले जातात. त्याच्या ‘आपण’मध्ये कोण बसले आहे, कोण उंबरठ्यावर उभे आहे आणि कोण अंगणातही आलेले नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वाङ्मयसमीक्षेने तर वृत्तपत्राला क्षणजीवी म्हणून दूरच ठेवले. वस्तुतः परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबात रोज नियमाने वाचला जाणारा मजकूर वृत्तपत्राचाच असतो. तेव्हा त्याची चिकित्सा वाङ्मयाच्या पंक्तीला बसवून करण्यात काही अनुचित आहे असे वाटत नाही.

पत्राचा ‘आपण’ ओळखावा कसा? त्याला एक साधा उपाय आहे. पत्र काय सांगते याबरोबरच ते काय समजावून सांगत नाही, हे पाहावे. म्हैसूरच्या पत्राला ‘जंबू सवारी’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पुण्याच्या पत्राला ‘पालखी’चा अर्थ द्यावा लागत नाही. जे समजावून द्यावे लागत नाही ते आपले. ज्याच्यासाठी एखादे स्पष्टीकरणाचे उपवाक्य जोडावे लागते ते त्यांचे. महाराष्ट्राबाहेर बदलीवर राहिलेल्या प्रत्येकाने त्या उपवाक्यात काही काळ वास्तव्य केलेले असते. स्थानिक पत्रात आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाची चार ओळींची बातमी येते, तीत ‘शहरातील महाराष्ट्रीय रहिवाशांनी’ असा आपला निर्देश असतो. त्यात अनादर नसतो. किंबहुना सद्भावच असतो. पण निर्देश करावा लागला, एवढ्यानेच आपण पाहुणे ठरलेलो असतो.

या प्रश्नाच्या विचाराला म्हैसूर हे शहर विशेष सोयीचे आहे. १९३५ साली येथील महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी ‘विठ्ठल विहार’ या आपल्या राहत्या घरी लहानसे प्रक्षेपणयंत्र बसवून खासगी नभोवाणी सुरू केली. तिला मिळालेले ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. याच कॉलेजात १९५१ मध्ये नाडिग कृष्णमूर्ती यांनी वृत्तपत्रविद्येचे अध्यापन सुरू केले. त्यांचा भारतीय वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ म्हैसूर विद्यापीठाने १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. १९६९ साली येथेच भारतीय भाषांची केंद्रीय संस्था स्थापन झाली. आणि याच गावच्या रस्त्यांवरून रोज पायी हिंडणाऱ्या आर. के. नारायण यांनी वृत्तपत्रावर एक उत्तम कादंबरी लिहिली. आरंभ तिच्यापासूनच करू.

नारायण यांच्या आयुष्यातील एक प्रकरण त्यांच्या वाचकांना ठाऊक असते, पण त्याचा अर्थ फारसा लावला जात नाही. तिसाव्या दशकात, हाती पैसा नसताना, त्यांनी मद्रासच्या ‘द जस्टिस’ या पत्राचे म्हैसूरमधील बातमीदार म्हणून काम केले. हे पत्र ब्राह्मणेतर चळवळीचे मुखपत्र. आणि नारायण अय्यर घराण्यातले. मोबदला रकान्याच्या लांबीवर ठरायचा. तेव्हा बाजारपेठ, न्यायालय, पोलीस ठाणे, नगरपालिकेची कचेरी अशी फेरी त्यांना नित्य करावी लागे. ज्या पत्राच्या ‘आम्ही’मध्ये आपल्याला जन्माने जागा नाही, त्या पत्रासाठी बातमी गोळा करणारा हा तरुण, बैठकीच्या खोलीत बसून राहिला असता तर जे लोक त्याला कधी भेटले नसते, त्यांच्या दाराशी जाऊ लागला. मालगुडीच्या गल्ल्यांतील वकील, कारकून, सावकार, मुद्रक यांची जी गर्दी पुढे त्यांच्या कादंबऱ्यांत दिसते, तिच्यामागे या पायपिटीचा वाटा आहे असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. बातमीदाराची जात बातमी ठरवते, हे म्हणणे खोटे नाही. पण ते पुरतेही खरे नाही. त्याला कोणाकडे पाठविले जाते, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

१९४१ मध्ये नारायण यांनी स्वतःच ‘इंडियन थॉट’ हे नियतकालिक काढले. मद्रास शहरात त्याला हजाराहून अधिक वर्गणीदार मिळाले, तरी ते वर्षभरात बंद पडले. या अनुभवाची सावली ‘मिस्टर संपत’ या १९४९ च्या कादंबरीवर पडली आहे. आपल्याकडे ती पुष्कळांना १९५२ च्या हिंदी चित्रपटातील मोतीलालच्या भूमिकेमुळे आठवेल. पण चित्रपटाचा रोख निराळा होता. कादंबरीतील श्रीनिवास हा ‘द बॅनर’ नावाचे साप्ताहिक एकट्याने लिहितो. नगरपालिकेची गटारे, घरमालकांची अरेरावी आणि माणसाच्या अंतःकरणातील चिरंतन झगडा हे सारे विषय तो सारख्याच तळमळीने हाताळतो. संपत हा त्याचा मुद्रक. छापखान्यात एक पडदा आहे, आणि त्यामागे किती माणसे राबत आहेत हे कोणाला कळू नये अशी संपतची सारी खटपट असते. कादंबरीत संपादक आहे, मुद्रक आहे, छापखाना आहे. वाचक मात्र पार्श्वभूमीलाच राहतो. श्रीनिवास ज्या मानवजातीला उद्देशून लिहितो, तिच्यात कबीर गल्लीतला शेजारी नेमका कोठे बसतो, हे त्याचे त्यालाही उमगलेले नाही. त्याचा ‘आपण’ इतका विशाल आहे की त्यात कोणाचाच चेहरा दिसत नाही. आणि संपादक गटारांचा विचार सोडून आत्म्याचा विचार करू लागला की पत्र किती सहज थांबते, हे नारायण कोठेही उपदेश न करता दाखवितात. विविधतेच्या नावाने जो नुसताच व्यापकपणा मिरविला जातो, त्याचे याहून सौम्य आणि याहून मर्मग्राही परीक्षण भारतीय कादंबरीत विरळाच.

याच्या अगदी उलट टोकाला ‘सुधर्मा’ आहे. कळले नडादूर वरदराज अय्यंगार या संस्कृत पंडितांनी १९७० च्या जुलैत म्हैसुरात हे संस्कृत दैनिक सुरू केले. १९९० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र के. व्ही. संपतकुमार आणि स्नुषा जयलक्ष्मी यांनी ते चालविले; या दांपत्याला २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, आणि २०२१ मध्ये संपतकुमार गेल्यानंतरही अंक निघत राहिला. पाने मोजकी, प्रती काही हजार, आणि बहुतेक वाचकांकडे अंक जातो तो टपालाने. २०११ च्या जनगणनेत संस्कृत ही मातृभाषा सांगणारे साऱ्या देशात २४,८२१ लोक होते. तेही एका गावात नव्हेत. म्हणजे ज्या पत्राची भाषा त्याच्या शहरातल्या कोणत्याही बाजारात बोलली जात नाही आणि जे वाचकाच्या हाती पडते तेव्हा त्यातील वार्ता शिळी झालेली असते, असे हे दैनिक अर्धशतक टिकले.

हे कसे घडले? अमेरिकी अभ्यासक जेम्स केरी यांनी १९७५ मध्ये मांडलेला एक विचार येथे उपयोगी पडतो. बातमी पोचविणे हा वृत्तपत्राचा एक व्यवहार. पण दुसराही एक व्यवहार त्यात चालतो, तो नित्यकर्माचा. माणूस देवळात जातो तो नवी माहिती मिळविण्यासाठी जात नाही. आपण ज्या मंडळीत मोडतो तिच्यात आपण आहोत, हे रोज एकदा अनुभवण्यासाठी जातो. वृत्तपत्रही पुष्कळ अंशी तसेच वाचले जाते. ‘सुधर्मा’चा वाचक मंत्रिमंडळाची बातमी आधीच अन्यत्र ऐकून बसलेला असतो, तीच संस्कृतात वाचताना त्याला बातमीचा नव्हे, तर भाषेच्या जिवंतपणाचा प्रत्यय येतो. आपणांपैकी ज्येष्ठांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दूरच्या ठाण्यावर असताना तीन दिवसांनी टपालाने येणारा ‘केसरी’ किंवा ‘महाराष्ट्र टाइम्स’ घडी न मोडता बाजूला ठेवून रविवारी निवांत वाचणारी पिढी बातमीसाठी तो वाचत नव्हती.

हा व्रतस्थपणा आदरणीय आहे, यात शंका नाही. परंतु समीक्षकाने येथे थांबून चालणार नाही. ‘सुधर्मा’चे ‘वयम्’ मोठे आहे, पण ते निवडून घेतलेले आहे: जो कष्टाने भाषा शिकला तो त्यात आला. या पत्राला कोणाचा उपद्रव होत नाही आणि त्याचा कोणाला उपद्रव वाटत नाही. याच कर्नाटकात १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये बंगळूर दूरदर्शनवर उर्दूतील दहा मिनिटांचे बातमीपत्र सुरू झाले, तेव्हा मात्र दंगल उसळली, माणसे प्राणाला मुकली आणि बातमीपत्र थांबवावे लागले. संस्कृत दैनिकाला पद्मश्री आणि उर्दू बातमीपत्राला दंगल, या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. जिचे बोलणारे बाजारात दिसत नाहीत, त्या भाषेला ‘आपली’ म्हणणे सोपे असते. जिचे बोलणारे शेजारच्या गल्लीत राहतात, त्या भाषेला दहा मिनिटे देणे कठीण जाते. वृत्तमाध्यमातील विविधतेची खरी परीक्षा दूरच्या भाषेशी होत नाही. शेजारच्या भाषेशी होते.

आता भाषा एकच असताना काय घडते, ते पाहू. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. कानडी अस्मितेच्या दृष्टीने तो फार मोठा दिवस होता. त्याच महिन्यात म्हैसूर शहरातील एका सभेत देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळातील दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी कानडी साहित्यात पुष्कळसा ‘बूसा’, म्हणजे गुरांचा कोंडा, आहे असे उद्गार काढले. वृत्तपत्रांनी तो शब्द उचलला. भाषण दलित विद्यार्थ्यांनी काय शिकावे या विषयीचे होते, त्या साहित्यात त्यांना स्वतःचे काय सापडते असा त्याचा रोख होता. पण मथळ्यात राहिला तो एकटा कोंडा. विद्यार्थी रस्त्यावर आले, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, आणि बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावे लागले.

या प्रकरणाची राजकीय चर्चा पुष्कळ झाली आहे. वृत्तपत्राच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा. कानडी भाषेचा अपमान झाला, ही बातमी ज्या ‘आपण’ला उद्देशून लिहिली गेली, त्यात बसवलिंगप्पा नव्हते, ज्या मुलांपुढे ते बोलत होते तीही नव्हती. ती मुले कानडीच बोलत होती. राज्याला तीन आठवड्यांपूर्वी मिळालेले नवे नाव त्यांचेही होते. तरीही घरातल्या माणसाने घराची झाडाझडती घ्यावी, तसे ते उद्गार वाचले गेले नाहीत. बाहेरच्याने दारात उभे राहून शिवी द्यावी, तसे वाचले गेले. ‘नावु’ या एकाच सर्वनामात ‘आम्ही’ किती बेमालूम लपू शकते, याचे हे उदाहरण होय. मात्र त्याचा दुसरा परिणामही झाला. या आघातातून कर्नाटकातील दलित चळवळ संघटित झाली, तिच्या लेखकांनी आपले वाङ्मय आणि आपली नियतकालिके उभी केली, आणि आज देवनूर महादेव यांचे लेखन वगळून कानडी साहित्याचा विचार करता येत नाही.

हे वाचून मराठी माणसाने शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. वर्षभरच आधी, १९७२ च्या ऑगस्टमध्ये, राजा ढाले यांच्या ‘साधना’तील ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखावरून आपल्याकडेही असाच गदारोळ उठला होता. तेथेही संपूर्ण लेखाच्या वाट्याला आली नाही एवढी चर्चा त्यातील एका वाक्याच्या वाट्याला आली. त्याच्याही आधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ निघाला तो नेमका हाच प्रश्न विचारीत. मुंबई इलाख्यातील पत्रे कोणत्या विशिष्ट जातींचे हित पाहतात, याचा हिशेब डॉ. आंबेडकरांनी पहिल्याच अग्रलेखात मांडला. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, हेही त्यांनी नोंदविले आहे. मराठी भाषेजवळ ‘आपण’ हे सर्वनाम आहे. त्याचा उपयोग मराठी पत्रांनी नेहमीच केला, असे मात्र म्हणता येत नाही.

संपतच्या पडद्यामागे कोण आहे, हा प्रश्न पुढे अभ्यासकांनी प्रत्यक्ष मोजणी करून सोडविला. १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या दिल्लीच्या पत्रकाराने राजधानीत एखादा दलित पत्रकार सापडतो का याचा शोध घेतला. त्याला एकही सापडला नाही. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठांची पाहणी केली. त्यांत दलित वा आदिवासी एकही नव्हता. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या अहवालात नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या गेल्या. त्यांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होत्या, अनुसूचित जातिजमातींकडे एकही नाही. आकड्यांवर फार भाष्य नको. एवढेच म्हणावे की, बूसा प्रकरणातील मथळा कोणा एकाच्या दुष्ट बुद्धीतून येत नाही. जेथे सगळेच एका अंगणात वाढलेले असतात, तेथे दुसऱ्या अंगणातून हा शब्द कसा ऐकू येईल, असे विचारणारे कोणी उरत नाही.

म्हैसुरातच या उणिवेचे एक उत्तरही घडले. राजशेखर कोटी यांनी १९७२ मध्ये धारवाडला, म्हणजे आपल्या सीमेच्या अगदी जवळ, ‘आंदोलन’ हे पत्र सुरू केले आणि पुढे ते म्हैसूरला आणले. २०१७ साली कोटी निवर्तले. समाजवादी विचार, शेतकरी व दलित चळवळींशी आपुलकी आणि जिल्ह्यापुरते ठेवलेले क्षेत्र ही या दैनिकाची वैशिष्ट्ये. ते राज्यभर पसरले नाही, आणि नेमके त्यामुळेच त्याचा वाचक त्याला गावाच्या नावानिशी माहीत राहिला. येथे चळवळीतील माणसे बातमीचा विषय होतीच, शिवाय ती वाचकही होती. म्हणून त्यांच्याविषयी लिहिताना स्पष्टीकरणाचे उपवाक्य गळून पडले. विविधतेसाठी वेगळा रकाना काढावा लागला नाही.

शहराचे दुसरे परिचित पत्र म्हणजे के. बी. गणपती यांनी १९७८ मध्ये सुरू केलेले इंग्रजी सायंदैनिक ‘स्टार ऑफ मैसूर’. एका शहरापुरते इंग्रजी सायंदैनिक चालावे, ही भारतात नवलाचीच गोष्ट. म्हैसुरात बदलीवर आलेल्या बिगरकानडी अधिकाऱ्याला हे शहर ज्या खिडकीतून प्रथम दिसते, ती खिडकी हीच. रस्ता, झाड, जुनी इमारत, कचऱ्याचा ढीग यांवर चाललेला वाचकांचा पत्रव्यवहार पाहिला की वाचकाचा सहभाग म्हणजे काय हे कळते. आणि तरीही याच पत्रात एप्रिल २०२० मध्ये, महामारीच्या भयाने सारा देश घरात कोंडला असता, टोपलीतील सडक्या सफरचंदांच्या रूपकावर उभारलेला एक अग्रलेख आला. कोणत्या समाजाकडे त्याचा रोख आहे, हे वाचकाला लगेच समजावे अशी त्याची मांडणी होती. त्यावर तीव्र हरकती आल्या आणि पत्राने क्षमा मागितली.

क्षमा मागितली, तेथे तो विषय संपला असे समजून पुढे जाता आले असते. पण समीक्षकाचा विषय रूपक हा आहे, आणि रूपक क्षमेने पुसले जात नाही. ‘मूकनायक’च्या पहिल्या अग्रलेखात डॉ. आंबेडकरांनी समाजाला आगबोटीची उपमा दिली आहे. दुसऱ्या उतारूंचे नुकसान करण्यासाठी जो बोटीला छिद्र पाडील, तो त्यांच्याबरोबर आज नाही तर उद्या स्वतःही बुडेल, असा त्याचा आशय. शंभर वर्षांच्या अंतराने लिहिलेले हे दोन अग्रलेख शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. टोपलीला बाहेरून पाहणारा कोणी असतो. निवडण्याचा आणि फेकून देण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. बोटीला बाहेर नाही. जो बोलतो तोही उतारूच. टोपली हे ‘आम्ही’चे रूपक आहे, बोट हे ‘आपण’चे. आणि ध्यानात घ्यावे ते असे की बोटीचे रूपक वापरणारा मनुष्य, ज्यांनी त्याला बोटीवर जागा नाकारली होती, त्यांनाही उद्देशून बोलत होता.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्याला स्वतःची निश्चित ओळख नाही, असे पत्र कोणाचेच होत नाही. ‘द बॅनर’चे भवितव्य त्याच्या वाट्याला येते. मग पत्राने ‘आम्ही’ सोडावे कसे? उत्तर असे की सोडूच नये. ‘मूकनायक’ला फार ठाम ‘आम्ही’ होते. ‘सुधर्मा’ आणि ‘आंदोलन’ यांनाही होते. रॉबर्ट पार्क यांनी १९२२ मध्ये अमेरिकेतील स्थलांतरितांच्या पत्रांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना हेच आढळले: मातृभाषेतील पत्र वाचणारा नव्या देशापासून तुटत नाही, पुष्कळदा त्या पत्राच्याच आधाराने तो नव्या देशात रुजतो. ओळख जपणे आणि दार उघडे ठेवणे यांत वैर नाही. वैर आहे ते ओळख आणि आळस यांत. आपल्या वाचकाला आपण ओळखतो, त्याला काय आवडते हे आपल्याला पाठ आहे, असे संपादकाला वाटू लागले की पत्राचा ‘आपण’ गोठतो.

आजच्या यंत्रयुगात हा धोका वाढला आहे. पत्र आता पडद्यावर वाचले जाते, आणि कोणत्या बातमीवर वाचक किती क्षण रेंगाळला याची मोजदाद तत्काळ संपादकापुढे येते. हीच वाचकाशी जवळीक, असे मानण्याचा प्रघात पडत आहे. पण मोजणे म्हणजे ओळखणे नव्हे. जो वाचत नाही, तो या मोजणीत कधीच येत नाही. आणि तो का वाचत नाही, हाच तर मूळ प्रश्न होता. रागावलेला वाचक शांत वाचकापेक्षा अधिक वेळ रेंगाळतो, एवढे यंत्राला कळते. १९७३ मध्ये ‘बूसा’ हा शब्द मथळ्यात गेला, तेव्हा हे यंत्र नव्हते; त्याची वृत्ती मात्र होती.

आपणांपैकी अनेकजण अधिकारपदांवर आहेत, तेव्हा या विषयात आपण केवळ वाचक नाही. कचेरीतून निघणारी प्रसिद्धिपत्रके आपल्या सहीने जातात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पत्रात तीच थोड्या फरकाने छापून येतात. ‘नागरिकांनी नोंद घ्यावी’ असे आपण लिहितो, तेव्हा ते नागरिक कोण, ती सूचना कोणत्या भाषेत आणि कोणत्या गल्लीपर्यंत पोचेल, याचा विचार बहुधा मसुद्यात नसतो. बातमीदाराला कोणाच्या दाराशी पाठवायचे, हे काही अंशी आपणही ठरवीत असतो.

आणि महाराष्ट्राबाहेर निघणाऱ्या मराठी नियतकालिकांनी, म्हणजे प्रस्तुत लेख ज्यात छापला जात आहे त्यानेही, हीच कसोटी स्वतःला लावून पाहिली पाहिजे. कर्नाटकाच्या शहरांत भावसार क्षत्रियांसारखे समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्या घरात एक जुनी, कानडीने भिजलेली मराठी बोलली जाते. लिहिणे-वाचणे मात्र कानडीत चालते. आपण त्यांच्याच शहरात चार वर्षांच्या बदलीवर येतो, मंडळ काढतो, अंक काढतो, आणि त्या अंकात पुण्या-मुंबईच्या साहित्याची चर्चा करतो. त्यांची मराठी आपल्याला अशुद्ध वाटते. त्यांना आपली मराठी परकी वाटते. त्यांच्याविषयी लिहायची वेळ आली तर ‘येथील एक मराठीभाषी समाज’ असे स्पष्टीकरणाचे उपवाक्य आपणही जोडू, वरच्या दोन ओळींत जोडले आहे तसेच. त्यांच्यापैकी कोणी या पानांवर लिहू लागेल आणि त्याच्या शब्दांना कंसातील अर्थ द्यावा लागणार नाही, तोवर आपल्याही मासिकाचे सर्वनाम ‘आम्ही’ हेच राहील.